बेडफर्डच्या पोटातलं तेल

आमच्या ॲडलेडच्या घराच्या कुंपणापलीकडे एक गाडी उभी असते. १९७८ सालची बेडफर्ड व्हॅन. मागचा भाग कुणीतरी कापून तिथे फायबरचं घरच बसवलंय. आत दोन पलंग, गॅसची शेगडी, बेसिन आणि जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी 'ओसरी'. अशा गाडीला इथे मोटरहोम म्हणतात. निवृत्त झालेली नवरा-बायको राहतं घर भाड्याने देऊन महिनोन्महिने अशा गाडीतून देशभर भटकतात, आणि या जमातीला इथली भाषा गंमतीने 'ग्रे नोमॅड्स' म्हणते, म्हणजे पिकल्या केसांचे भटके.

तर मागच्या महिन्यात शेजारचे आजोबा (त्यांचा आग्रह असतो की नावानेच हाक मार, पण ऐंशीला टेकलेल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ अजून वळत नाही) कुंपणापाशी दोन डबे घेऊन उभे. एका डब्यावर ५डब्ल्यू-३०, फुल्ली सिंथेटिक, एपीआय एसपी. दुसऱ्यावर २५डब्ल्यू-७०. पहिला दुकानातल्या पोराने दिलेला: "सगळ्यात नवं, सगळ्यात महाग, म्हणजे सगळ्यात चांगलं." दुसरा त्यांच्या क्लबातल्या मित्राने दिलेला: "जुन्या इंजिनाला जेवढं जाड तेवढं बरं." आजोबांना पर्थला मुलीकडे जायचं होतं, नलारबोरचं मैदान ओलांडून, सुमारे २७०० किलोमीटर. मला म्हणाले, "तू झिजेचा डॉक्टर ना? मग सांग, यातलं कुठलं घालू?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे एक जखम होती. चार वर्षांपूर्वी त्यांनी हे इंजिन पूर्ण उघडून नव्याने बांधून घेतलं होतं. कॅमशाफ्ट नवी, टॅपेट नवे. पाच हजार किलोमीटरही झाले नसतील, आणि इंजिन खोकायला लागलं. उघडलं तर कॅमचे दोन उंचवटे पार सपाट! पेन्शनीतले बरेच पैसे पाण्यात गेले. बांधणाऱ्याने (नाव कशाला घ्या) त्यात दुकानात मिळतं ते नेहमीचं, गाड्यांच्या नव्या पिढीसाठीचं पातळ तेल भरलं होतं. आजींनी तेव्हाच सांगून ठेवलंय की यापुढे एकदाही इंजिन उघडायला पैसे मिळणार नाहीत. म्हणजे हे शेवटचं इंजिन. ते गेलं की गाडी भंगारात, आणि गाडीबरोबर दोघांचं भटकणंही.

मी म्हटलं, दोन्ही डबे परत करा. आणि का, ते सांगायला मला शंभरेक वर्षं मागे जावं लागलं. आजोबांना जे सांगितलं तेच, जरा सविस्तर, तुम्हाला सांगतो.

बेडफर्ड हे नाव आपल्याकडच्या जुन्या लोकांना अनोळखी नाही. हिंदुस्तान मोटर्सचे बेडफर्ड ट्रक आपल्या रस्त्यांवर धावायचे. ही सीएफ नावाची व्हॅन मूळची ब्रिटिश, पण ऑस्ट्रेलियात तिच्यात इथल्या होल्डन मोटारीचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं जाई, कारण इथली अंतरं. आजोबांच्या गाडीत ३.३ लिटरचं, लाल रंगाने रंगवलेलं होल्डन इंजिन आहे. लोक त्याला 'रेड मोटर' म्हणूनच ओळखतात. होल्डनने २०१७ साली ऑस्ट्रेलियात गाड्या बनवणं बंद केलं, पण ही लाल इंजिनं अजून गुरगुरत असतात.

आता तेलाकडे. सुरुवात आपल्या घरापासून करू.

लहानपणी नाक दाबून एरंडेल प्यायलेले बरेच जण हे वाचत असतील. तेच एरंडेल आपल्याकडे दिव्यात जळायचं आणि बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणूनही लागायचं. हिंदुस्थानात आगगाडी आली तेव्हा रेल्वेनेही ते वापरलं. एरंडेल धातूला घट्ट चिकटतं आणि तापल्यावरही अंगात जाडी टिकवून धरतं. १८९९ साली लंडनमध्ये चार्ल्स वेकफील्ड या गृहस्थाने वंगणाची कंपनी काढली, आणि १९०९ मध्ये मोटारी-विमानांसाठी एरंडेल मिसळलेलं तेल बाजारात आणलं. एरंडेल म्हणजे कॅस्टर ऑइल, म्हणून नाव ठेवलं कॅस्ट्रॉल. गल्लीतल्या प्रत्येक गॅरेजच्या पाटीवर दिसणारं ते नाव मुळात आपल्या आजीच्या फडताळातल्या बाटलीचं आहे!

पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या सिलिंडरच्या विमान-इंजिनांत तर एरंडेलच लागे. त्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि वंगण एकाच पोटातून जात. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ व्हायचं, एरंडेल सहजी विरघळत नसे. वापरलेलं तेल थेट बाहेर उडायचं, वैमानिकाच्या तोंडावर. त्याचे पोटावर काय परिणाम होत असतील ते मी लिहीत नाही, तुम्ही सुज्ञ आहात. (ह. घ्या.)

एरंडेलाचा दोष एकच, पण मोठा. जुनं झालं की त्याचा डिंक होतो. विमानाचं इंजिन वरचेवर उघडून साफ करायचे, त्यामुळे तिथे चाललं. रोजच्या मोटारीत ते परवडणारं नव्हतं. म्हणून तिथे जमिनीतून काढलेलं खनिज तेलच टिकलं.

ऑस्ट्रेलियात तेव्हा काय चाललं होतं? इथे फ्रान्सिस बर्टल्स नावाचा एक अवलिया होता. आधी सायकलवरून देश पालथा घातला, मग १९१२ मध्ये सिड फर्ग्युसन या सोबत्याबरोबर एका सिलिंडरच्या 'ब्रश' गाडीतून फ्रीमँटल ते सिडनी असा अख्खा खंड ओलांडला. मोटारीने पश्चिमेकडून पूर्वेकडे असा प्रवास त्याआधी कुणी केला नव्हता. २८ दिवस लागले. त्या गाडीचे आस लाकडाचे होते, म्हणजे आपली बैलगाडीच, फक्त बैलांच्या जागी एक सिलिंडर. पुढे १९ ऑक्टोबर १९२७ ला हाच बर्टल्स 'बीन' नावाच्या ब्रिटिश गाडीतून लंडनहून निघाला आणि युरोप, इजिप्त, इराण, हिंदुस्थान, नागा टेकड्या, ब्रह्मदेश असं करत २५ जुलै १९२८ ला मेलबर्नला पोचला. ती गाडी आज कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे. गाडी हेच घर मानणाऱ्या या माणसाला मी आजोबांच्या जमातीचा मूळपुरुष मानतो.

बर्टल्सच्या काळातलं तेल म्हणजे नुसतं गाळलेलं खनिज तेल. त्यात काही मिसळलेलं नसायचं. काजळी, पाणी, धातूचा चुरा सगळं तळाशी गाळ होऊन बसायचं. म्हणून हजार मैल व्हायच्या आतच तेल बदलायची रीत होती. त्या तेलाला आकडा मात्र मिळाला होता. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संघटनेने, म्हणजे एसएईने, १९११ साली तेलाच्या दाटपणाचं वर्गीकरण सुरू केलं. आज आपण २०, ३०, ४०, ५० म्हणतो ते आकडे त्याच परंपरेतले. १०० अंश सेल्सियसला तेल किती सावकाश वाहतं ते तो आकडा सांगतो. आजच्या हिशोबाने '३०' म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक आणि '५०' म्हणजे १६.३ ते २१.९. एकक लक्षात ठेवायची गरज नाही. एवढंच पाहा, की तापलेल्या इंजिनात ५० नंबरचं तेल ३० नंबरच्या जवळजवळ पावणेदोन पट दाट असतं.

आणि डब्ल्यू? तो 'वेट'चा नाही, 'विंटर'चा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान तितकं तेल थंडीत लवकर हलतं. २०डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे १५ अंशाला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला. ॲडलेडच्या हिवाळ्यात पारा शून्याला टेकला तर पेपरात बातमी येते. म्हणजे दुकानातल्या पोराने आजोबांना जो '५डब्ल्यू' विकला, तो त्यांच्या कधीच कामी येणार नव्हता.

पुढची कथा डिझेलची. १९३० च्या दशकात कॅटरपिलरच्या ट्रॅक्टरांची डिझेल इंजिनं निघाली आणि नुसतं खनिज तेल त्यांच्यापुढे टिकेना. पिस्टनच्या रिंगा काजळीने चिकटून बसत. १९३५ च्या सुमाराला रसायनवाल्यांनी तेलात साबणासारखी द्रव्यं घातली. काजळी तळाशी बसण्याऐवजी तेलातच तरंगत राहू लागली. तेल काळं होणं हा तेव्हापासून दोष राहिला नाही, उलट ते काम करतंय याची खूण झाली. तरीही डिपस्टिक बोटांनी पुसून "काळं पडलंय, बदलायला झालं" म्हणणारे आपल्याकडेही आहेत आणि इथेही.

मग आलं मल्टिग्रेड. खनिज तेल तापलं की फार पातळ होतं, थंड झालं की फार घट्ट. त्यात लांब साखळीचे रेणू, म्हणजे पॉलिमर, घातले की तेल तापल्यावर ते पसरतात आणि दाटपणा थोडाफार सांभाळतात. त्यामुळे एकच तेल थंडीत २० आणि उन्हात ५० होऊ शकतं. पण या साखळ्या दातांच्या कचाट्यात सापडल्या की तुटतात, आणि तिथेच गंमत झाली. १९५९ साली आलेल्या ब्रिटिश मिनीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात बुडालेले. गिअरचे दाते पॉलिमर चावून टाकत आणि तेल आठवड्यागणिक पातळ होई. म्हणून जरा दाट, तुटून तुटून पुरून उरेल असं तेल हवं झालं. १९६० च्या दशकात २०डब्ल्यू-५० लोकप्रिय झालं त्यात या चिमुकल्या गाडीचा मोठा हात आहे. सिडनीच्या झेटलंड कारखान्यात १९६१ पासून मिनी बनू लागली. १९६८ मध्ये कॅस्ट्रॉलचं जीटीएक्स आलं आणि ब्रिटनसारखंच ऑस्ट्रेलियातही २०डब्ल्यू-५० हे घराघरातलं तेल झालं. आपल्याकडच्या पेट्रोलपंपावरच्या २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० च्या डब्यांचं गोत्र हेच.

होल्डनचं लाल इंजिन या काळाचं लेकरू. बेअरिंगमधल्या फटी मोकळ्या, तेलाचा पंप साधा, आणि आपल्याला ५० नंबरचं दाट तेल मिळणार हे गृहीत धरून बनवलेलं. त्यात ३० नंबरचं तेल घातलं तर तापल्यावर दाबाचा काटा खाली येतो आणि जुन्या सीलमधून अंगणात थेंब पडायला लागतात.

मग मित्राचं २५डब्ल्यू-७० का नको? ऑस्ट्रेलियात जाड तेलाची मोठी परंपरा आहे. मेलबर्नमध्ये १९२६ साली सुरू झालेली पेनराइट ही कंपनी जुन्या इंजिनांसाठी २०डब्ल्यू-६०, २५डब्ल्यू-७० अशी तेलं विकते, आणि पार झिजलेल्या, धूर काढणाऱ्या इंजिनाला ती उपयोगीही पडतात. उकाड्यामुळे या समजुतीला बळ मिळालं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश नोंदले गेलेत. पण बाहेर ५० असो की २५, तेलाचं तापमान शंभराच्या आसपासच जातं. बाहेरच्या उन्हाने त्यात फरक पडतो, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. आणि जाड तेलाने काटा वर चढतो म्हणजे तेल जास्त पोचतंय असं नाही. दाब म्हणजे अडथळ्याची खूण, प्रवाहाची नव्हे. आजोबांचं इंजिन दुसऱ्यांदा बांधून जेमतेम तीन वर्षं झालेली, फटी कारखान्यातल्या मापाच्या. पहाटे इंजिन सुरू केल्यावर कॅमपर्यंत तेल पोचायला जितका उशीर तितकी झीज.

आता त्या दोन सपाट उंचवट्यांकडे. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे.

जुन्या इंजिनात कॅमचा उंचवटा सपाट बुडाच्या टॅपेटवर घासत फिरतो. नव्या इंजिनांत बहुधा मध्ये रोलर असतो, तिथे घासण्याऐवजी लोळणं होतं. सपाट टॅपेटवर एका बारीक रेषेवर एवढा दाब येतो की तेलाचा थर पिळून निघतो आणि धातू धातूला भिडतो. तिथे वाचवतं ते तेल नव्हे, तेलातलं एक मीठ. जस्त, फॉस्फरस आणि गंधकाचं संयुग, नाव झेडडीडीपी. १९४० च्या दशकात ते तेलात आलं ते वेगळ्याच कामासाठी, तेल आंबू नये आणि बेअरिंग गंजू नये म्हणून. ते झीजही थांबवतं हे नंतर उमगलं. घर्षणाच्या जागी ते काचेसारखा एक थर घडवतं, जाडी साधारण मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. तो थर झिजतो, पुन्हा तयार होतो, आणि धातूऐवजी स्वतः मरतो.

या गुणी द्रव्याचा एकच शत्रू निघाला, धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिन थोडं तेल जाळतंच, आणि त्यातला फॉस्फरस कन्व्हर्टरवर बसून त्याला निकामी करतो. ऑस्ट्रेलियात १९८६ पासून नव्या पेट्रोल गाड्या शिसेविरहित पेट्रोलवर चालणं सक्तीचं झालं आणि त्यांच्याबरोबर कन्व्हर्टर आले. (भारतात चार महानगरांत १९९५ ला सुरुवात झाली आणि २००० मध्ये देशभर शिसं गेलं.) मग तेलातल्या फॉस्फरसला कात्री लागली. १९९३ मध्ये ०.१२ टक्के, १९९६ मध्ये ०.१० आणि २००४ मध्ये ०.०८. शहरांची हवा सुधारायला हे हवंच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आजोबांच्या बेडफर्डला कन्व्हर्टरच नाही. तिच्या पोटातून एका अशा अवयवासाठी औषध काढून घेतलं गेलं, जो तिला कधी नव्हताच.

नवी कॅमशाफ्ट आणि नवे टॅपेट पहिल्या अर्ध्या तासात एकमेकांशी जुळतात. त्या वेळी तो काचेचा थर अजून बनायचा असतो. तेव्हाच पातळ आणि कमी फॉस्फरसचं तेल भरलं, वर इंजिन नुसतं मंद फिरवत ठेवलं, तर काय होतं ते आजोबांनी पैसे मोजून शिकलं होतं.

यावरून जुन्या गाड्यांच्या मंडळींत एक भीती पसरली आहे की आता दुकानातली सगळीच तेलं विष. क्लबांतून दरवेळी हे ऐकू येतं, आणि लोक जस्ताच्या बाटल्या आणून तेलात अंदाजाने ओततात. इथे मात्र मूळ नियम वाचायला हवा. फॉस्फरसची ती वरची मर्यादा इंधन वाचवणाऱ्या पातळ प्रकारांनाच आहे, म्हणजे ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० वगैरेंना. २०डब्ल्यू-५० ला ती लागूच नाही! बनवणारा त्यात हवं तेवढं जस्त ठेवू शकतो, आणि जुन्या इंजिनांसाठीच्या तेलात ठेवतोही. शिवाय जास्त ओतलं म्हणजे जास्त रक्षण असंही नसतं. प्रमाणाबाहेर गेलं की तेच धातूला खायला उठतं. मला हे कळायला माझ्या विषयातली पदवी उपयोगी पडली नाही, डब्याच्या मागचा बारीक मजकूर आणि कंपनीचा माहितीचा कागद उपयोगी पडला.

तर आजोबांना सांगितलं ते असं. खनिज तेल, २०डब्ल्यू-५०, माहितीच्या कागदावर फॉस्फरस ०.१० ते ०.१२ टक्क्यांच्या आसपास. साडेचारेक लिटर आत आणि चार लिटर सोबत. फिल्टर नवा. पाच हजार किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदल. किंमत पाहिली तर त्या सिंथेटिकच्या निम्म्याहून कमी. आजोबांना ते जरा संशयास्पदच वाटलं. स्वस्त वस्तू चांगली कशी असेल, हा प्रश्न फक्त पुण्यातच पडतो असं नाही.

त्या शनिवारी आम्ही दोघांनी तेल बदललं. मी गाडीखाली, ते वरून सूचना देत. खाली काढलेलं जळकं ऑइल पाहून मला गावाकडच्या घराच्या वाशांची आठवण आली. वाळवी लागू नये म्हणून आमच्याकडे ते वाशांना फासायचे. आजोबा म्हणाले, "आमच्याकडे कुंपणाच्या खांबांना." आणि धूळ बसावी म्हणून शेतातल्या रस्त्यावर ओतायचे. आता तसं करत नाहीत. २००१ पासून इथे तेलावर सरकारी पट्टी आहे आणि त्यातून जुनं तेल गोळा करून पुन्हा शुद्ध करायला पैसे दिले जातात. आम्ही ते डब्यात भरून नगरपालिकेच्या केंद्रावर पोचतं केलं. दोन डब्यांतला सिंथेटिकचा दुकानाने परत घेतला. २५डब्ल्यू-७० मित्राकडे परत गेला, त्याला म्हणे वाईट वाटलं.

मंगळवारी पहाटे दोघं निघाले. एअर हायवे १९७६ साली पूर्ण डांबरी झाला, त्याआधी या वाटेवर पांढऱ्या धुळीचे लोट असायचे. बॅलडोनिया आणि कायगुनाच्या मध्ये १४६.६ किलोमीटरचा एकही वळण नसलेला रस्ता आहे. तिथे गाडी बंद पडली तर पुढची गाडी येईपर्यंत सावलीही आपली आपणच करायची.

सहाव्या दिवशी नॉर्समनहून फोन आला. आधी आजी बोलल्या, उकाड्याबद्दल आणि माशांबद्दल. मग आजोबा. "काटा एकदाही हलला नाही. सेदुनाला पाव लिटर घातलं आणि इथे अर्धा. ठीक आहे ना?"

मी म्हटलं, ठीक आहे. त्या वयाच्या इंजिनाने एवढं पिणं चालतं. घालताना मात्र गाडी सपाटीला उभी करून, इंजिन थांबवल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा.

"दहा कशाला," ते म्हणाले, "चहा होईपर्यंत थांबतो."